खारपाटीची फळी

पहाटेच्या एसटीच्या टपावरून आली ती,
गोधडीत गुंडाळलेली, सुंभानं आवळलेली.
स्टँडवरचा हमाल म्हणाला, "दार हाय का काय कुणाच्या घराचं?"
कंडक्टरनं म्हणे तिचं अर्धं तिकीट फाडलं होतं,
लहान पोराचं फाडतात तसं.

उद्यमनगरात माझं पत्र्याचं शेड,
पुढं दोन लेथ, मागं फायबरचं काम.
वीस वर्षं बाबल तांडेलाच्या होडीचं इंजिन
घाट चढून माझ्याकडं यायचं.
कधी पंख्याचं पातं वाकलेलं, कधी शाफ्ट खाल्लेला,
आणि मीठ इतकं आत मुरलेलं
की ग्राइंडरच्या ठिणग्याही खारट वाटायच्या.
मजुरी निम्मी पैशात, निम्मी सोड्यांत.
त्या दिवशी शेजारचे फौंड्रीवाले
आपला डबा उघडायचेच नाहीत.

या वर्षी इंजिन आलं नाही.
ही फळी आली,
शेपटीजवळचा पंखा मोडलेली, कडेला चीर,
पाठीवर मार्करनं: हर्षाली, नंबर चार.

हर्षाली बाबलची धाकटी.
पाच वर्षांची असताना माझ्या लेथला घाबरून रडलेली.
फोनवर म्हणाली, "काका, शुक्रवारपर्यंत होईल ना? बुकिंग फुल आहेत."
बोली कुठल्याच गावची नव्हती, कुणालाही कळेल अशी.
मग बाबलनं फोन घेतला,
त्याची तीच, वाऱ्यात अर्धी जाणारी:
"रापण आता खंय लावतलव?
आठ ते अकरा पावण्यांचो क्लास.
दोरी त्यांच्या पायात येता.
म्हणतत, सांजेक ओढा.
सांजेपर्यंत मासो काय आमची वाट बघीत बसतलो?"
मग बराच वेळ नुसता वारा.
"पण चेडू पाण्यार उबा रवता रे.
तां बघूक व्हया तुया."

मी मेण खरवडलं.
मेणात वाळू, एक लांब सोनेरी केस,
आणि अगदी खाली, नखाएवढा
एक खवला.
कसा आला, कुणाच्या टाचेला चिकटून, कोण जाणे.
रेझिन कालवलं, चटई बसवली, रात्रभर सुकू दिली.
खवला कुठं ठेवावा कळेना,
म्हणून वहीत ठेवला, बाबलच्या जुन्या उधारीच्या पानावर.

पाणी शिरतंय का बघायचं होतं.
अक्रमनं फळी सायकलला आडवी बांधली
आणि आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो.
म्हशी धुणारे थांबले. एक म्हैस मात्र थांबली नाही,
हुंगून पुढं गेली.
आमची नदी त्या समुद्राला ओळखत नाही.
कोकणाच्या उशाशी जन्मते
आणि पाठ फिरवून पूर्वेला चालू लागते.
आम्हाला तो कळतो तो एसटीनं,
मोडलेल्या वस्तूंतून.

अक्रम फळीवर उभा राहिला, दोन श्वास.
मग धप्पकन पाण्यात.
घाटावरची पोरं हसली, जवळ आली,
ओल्या हातानं तिला चाचपू लागली.
"कुठं शिकवत्यात हे?"
"तासाला किती घेत्यात?"
"मासं मिळतंय का तिथं, ताजं?"

मी नंबर सांगितला. हर्षालीचा.
बाबलचा कुणी मागितला नाही.
चौघं ठरले, एकाच्या मामाची बोलेरो,
शनिवारी पहाटे निघायचं,
गगनबावड्यात चहा,
आठच्या आत किनाऱ्यावर.

फळी पुन्हा गोधडीत गुंडाळली.
बिल लिहायला बसलो.
मजुरी, रेझिन, चटई, एसटीचं भाडं.
खाली "निम्मे" लिहायची हाताला सवय.
'नि' लिहिला
आणि पेन तिथंच धरून बसलो.
बाहेर अक्रम अजून केस झटकत होता,
विचारत होता,
"मालक, शनिवारी सुट्टी मिळंल का?"